पाच माणसांची वीज

आमच्या घराचा स्लॅब थंड करायचा, एवढाच माझा विचार होता. या साध्या कामात पुढे पाच टूथब्रश, एक घरघंटी, एका तान्ह्या बाळाचं झबलं आणि पुण्यातल्या एका इमारतीची लिफ्ट येऊन अडकणार आहे, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी स्लॅबला खुशाल तापू दिलं असतं आणि डोक्यावर ओला पंचा टाकून गप्प बसलो असतो. पण चांगलं सांगणारी माणसं वेळेवर कधीच भेटत नाहीत. भेटतात ती सल्ला देणारी.

मी भोरच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालो. नाझर म्हणजे कोर्टाचं सामानसुमान, जप्त्या, समन्स आणि ती बजावणारे बेलिफ या सगळ्यांवर नजर ठेवणारा माणूस. कोण घरी आहे आणि कोण दाराला कुलूप लावून मागच्या खोलीत लपलंय, हे मला समन्सवरच्या शेऱ्यावरून कळायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी-गैरहजेरी तपासली. त्यामुळे पुढे जे झालं ते मला जरा जास्तच लागलं.

स्लॅबचं असं झालं. मागच्या मे महिन्यात अद्वय, म्हणजे माझा मुलगा, बायको आणि शुभ्राला घेऊन चार दिवस राहायला आला. शुभ्रा माझी नात. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. सूनबाई स्वभावानं गोड आहे. ती म्हणाली, "बाबा, घर छानच आहे हो. फक्त भट्टीसारखं तापतं. स्लॅबचं काहीतरी करा, मग पुढच्या सुट्टीत आम्ही सगळे महिनाभर येतो." आणि ते परत निघाले तेव्हा माझी बायको कुंदा त्यांच्याबरोबर गेली. शुभ्राला सांभाळणारी बाई सोडून गेली होती, नवी मिळेपर्यंत जायचं असं ठरलं होतं.

नवी बाई मिळाली नाही. शाळा सुरू झाली, गणपती झाले, दिवाळीला मीच पुण्याला जाऊन आलो. संक्रांतीचा तिळगूळ मला कुरिअरनं आला. गोड बोला म्हणायला कुणी नव्हतं, कुरिअरवाल्यानं नुसती सही घेतली.

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच का नाही जाऊन राहिलात? राहून पाहिलं. खराडीतल्या त्यांच्या इमारतीचा वॉचमन मला रोज विचारायचा, "कुणाकडे?" रोज संध्याकाळी फिरून आलं की "कुणाकडे?" एक दिवस मला त्याचं उत्तर पटकन आठवेना. मी कुंदाला म्हणालो, "घराकडे कुणीतरी बघायला पाहिजे," आणि एसटी धरून भोरला परत आलो. तेव्हापासून मी घराकडे बघतो आणि घर माझ्याकडे बघतं.

कुंदाचा रोज दुपारी फोन येतो. ती विचारते, "जेवलात का?" मी म्हणतो, "जेवलो." ती विचारते, "कंटाळा नाही ना येत?" मी म्हणतो, "कंटाळायला वेळ कुठंय, घरात माणसांची सारखी वर्दळ असते." यातलं पहिलं कधीकधी खरं असतं.

तर या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी सरकारनं आमच्या भागासाठी एक योजना काढली. नाव 'थंड छत, तारांकित घर'. घरं तापतात म्हणून लोक पंखे, कुलर, एसी लावतात, त्यासाठी वीज लागते, विजेसाठी कोळसा जळतो, त्याचा धूर वर जातो आणि घरं आणखी तापतात. हे सगळं थांबवायला सरकार आपल्या खर्चानं स्लॅबवर उन्हाला परत पाठवणारा पांढरा थर देणार आणि शिवाय घराला तारे देणार. फ्रीजला तारे असतात हे मला माहीत होतं. घराला तारे मिळणार म्हटल्यावर मी पहिल्या दिवशीच नावनोंदणीच्या शिबिरात जाऊन रांगेत उभा राहिलो. शुभ्राची सुट्टी लागायच्या आत स्लॅब पांढरा व्हायला हवा होता. बाकी तारे-बिरे मला शोभेलाही नको होते.

शिबिरात टॅब घेऊन बसलेली मुलगी होती प्रेरणा. कामथडीची, हसतमुख. तिनं माझा पत्ता, मीटरचा नंबर वगैरे घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "काका, घरात किती माणसं राहतात?"

"पाच," मी म्हणालो.

आता यात मी खोटं बोललो असं मला तेव्हा मुळीच वाटलं नाही. रेशनकार्डावर पाच नावं आहेत. दारावरच्या पाटीखाली अद्वयचंही नाव आहे. पाच ताटं आहेत, पाच पाट आहेत. कुणी विचारलं की तोंडात पाचच येतं.

आठवड्याभरात मोबाईलवर संदेश आला. 'आपले घर वापरात नसल्याचे आढळून आल्याने आपला अर्ज विचारात घेता येत नाही.' मी तो स्वयंपाकघरात उभा राहून वाचला. घर वापरात नव्हतं आणि गॅसवर माझा चहा उतू जात होता.

मी तडक त्यांच्या कार्यालयात गेलो. प्रेरणा तिथंच होती. मी मोबाईल तिच्यापुढे धरला आणि नाझराच्या जुन्या आवाजात विचारलं, "हे घर वापरात नाही, तर मी कोण?"

"तुम्ही आहात हो काका," ती म्हणाली. "पण घर बंद दिसतंय."

"बंद घरातून मी बाहेर कसा आलो?"

तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. भोर-वेल्ह्यात गावोगाव घरांना कुलपं आहेत, माणसं पुण्याला असतात. तीही अर्ज करतात. बंद घरांची छपरं थंड करून कुणाचा घाम वाचणार? म्हणून सरकारनं नियम केला, माणशी वापर बघायचा. मीटरवरची वीज भागिले घरातली माणसं. भागाकार फार कमी आला तर ते घर बंद समजायचं.

"तुमची वीज पाच माणसांत वाटली ना काका, तर एकेकाच्या वाट्याला रात्रीचा एक दिवासुद्धा येत नाही," ती म्हणाली. मग जरा आवाज उतरवून तिनं विचारलं, "नक्की पाच माणसं राहतात ना?"

मागे रांग होती. रांगेत शिवऱ्याचे एक वकील उभे होते. त्यांच्या कितीतरी अशिलांची समन्सं मी 'घरी हजर, घेण्यास नकार' असा शेरा मारून परत पाठवली होती. ते कान देऊन ऐकत होते.

"म्हणजे काय!" मी म्हणालो. "पाच म्हणजे पाच. काटकसरी आहोत आम्ही."

"मग एक महिना मीटर बघू आणि फेरतपासणी करू," प्रेरणा म्हणाली. मीही मोठ्या तोऱ्यात मान हलवून बाहेर पडलो.

समोरच्या घरात दादू कांबळे राहतो. एसटीत कंडक्टर होता. त्याची बायको अंजना, म्हणजे आमच्या अंजनावहिनी, घरी दळण दळून देतात. कुंदा इथं असताना दोघींचं दिवसातून चारदा येणं-जाणं व्हायचं. ती गेल्यापासून वहिनी दारातूनच "बरं हाय न भावजी?" विचारतात. एकट्या पुरुषाच्या घरात बाईमाणसानं किती वेळा यायचं, हा प्रश्न होताच. त्या संध्याकाळी मी दोघांना त्यांच्या ओट्यावर बसून सगळी हकीकत सांगितली.

दादूनं ती कंडक्टरच्या नजरेनं ऐकली. "नाझरसाहेब, गाडीत डायवर आन कंडक्टर दोगंच असलं तर डेपोत काय लिवत्यात? गाडी रिकामी आली म्हून. आता आमी दोगं काय मानसं नव्हतो व्हय? पर पाशिंजरात धरत न्हाईत."

"आवो, सरळ सांगून टाका की भावजी," अंजनावहिनी म्हणाल्या. "म्हनावं, एकटाच ऱ्हातो. त्यात लाज कसली?"

"एकटा म्हणजे?" मला एकदम राग आला. "कुंदा काय सोडून गेली का मला? शुभ्राची शाळा आहे म्हणून तात्पुरती गेलीय. सुट्टीत सगळी येणारच आहेत. स्लॅबचं तेवढं होऊ द्या."

दादू म्हणाला, "मंग एकच उपाय हाय. पाच मानसांची लाइट जाळायची."

अशा रीतीनं वीज वाचवण्याच्या सरकारी धोरणाला साथ देण्यासाठी मी वीज जाळायला घेतली. कोर्टात इतकी वर्षं काढल्यामुळे यात मला विशेष काही वावगं वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मी सगळ्या खोल्यांतले पंखे लावले. अद्वयच्या खोलीत पंखा सुरू करून दार लोटलं, तर आत कुणीतरी झोपलंय असं वाटायला लागलं आणि मी पाय न वाजवता चालू लागलो. संध्याकाळी कुंदाच्या मालिकेच्या वेळेला टीव्ही लावला. मला ती मालिका आवडत नाही, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून बायकांच्या भांडणाचे आवाज येत होते आणि दिवे लागले होते. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलंसुद्धा, "पाव्हणं आलंत वाटतं?" मी "हो" म्हणालो. मग आत जाऊन कुंदाच्या वाट्याचा मिक्सर फिरवला. भांड्यात घालण्यासारखं काही नव्हतं, तो रिकामाच फिरला. मला त्या क्षणी फार एकटं वाटलं. इतके दिवस वाटत नव्हतं असं नाही, पण इतका आवाज करून कधी वाटलं नव्हतं.

दादू रोज सकाळी मीटर वाचायला यायचा. तिकिटं मोजल्यासारखा ओठ हलवून हिशेब करायचा. चार दिवसांनी म्हणाला, "लई केलंत सायेब, पर अजून दीड मानूसच झालाय बगा."

बाकीची साडेतीन माणसं कुठून आणायची, यावर पुन्हा ओट्यावर सभा झाली. अंजनावहिनी म्हणाल्या, "माझी घरघंटी न्या तुमच्याकडं. लगीनसराईचं दळान लई पडलंय. हितं दळलं काय न् तितं दळलं काय." घरघंटी हातगाडीवरून आमच्या सोप्यात आली. दोन दिवसांनी गल्लीच्या टोकाची संजीवनी आपलं मोटारचं शिलाई मशीन आणि इस्त्री घेऊन आली. तिच्याकडे लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग होता आणि खोलीत एकच प्लग होता. इस्त्री बघून आणखी दोघी आपापल्या इस्त्र्या घेऊन आल्या. दादूच्या टीव्हीला मुंग्या दिसायच्या, म्हणून तो बातम्या बघायला आमच्याकडे यायला लागला. बातम्या तो सबंध दिवस बघतो.

आता घराकडे बघायची सोय राहिली नाही. कुंदाच्या देव्हाऱ्यावर पिठाचा थर बसला. माझ्या खुर्चीत फॉल-पिकोला आलेला कुणाचा तरी शालू पडलेला असायचा. मी चहा करून करून दमलो. आलं संपलं, कप कमी पडले, मी बाजारातून नवे आणले. दुपारी तर स्लॅब असा तापायचा की सगळ्या जणी पदरानं वारा घेत, आणि तरी कुणी उठून जात नव्हतं. संजीवनी एकदा सुई तोंडात धरून म्हणाली, "काका, घर लई गरम हाय तुमचं, पर हितं बरं वाटतंय." मी त्या दिवशी उपम्याचा पहिला प्रयोग केला. तो त्यांनी खाल्लासुद्धा.

मला हे फार आवडत होतं. मीटर हे कारण होतं, हे मी दोन-चार दिवस विसरूनच गेलो होतो.

एका दुपारी कुंदाचा फोन आला. तिनं आधी विचारलं, "तो आवाज कसला?"

"घरघंटी," मी म्हणालो.

"आपल्याकडं? कुणाची?"

"अंजनावहिनींची. संजीवनी ब्लाउज शिवतेय. दादू बातम्या बघतोय. मी उपमा केलाय. म्हटलं होतं ना तुला, वर्दळ असते."

ती म्हणाली, "बरं आहे. माझ्याशिवाय छान चाललंय म्हणायचं." आणि फोन ठेवला. जेवलात का, हे तिनं त्या दिवशी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तिला काय सांगायला हवं होतं आणि काय सांगून बसलो, याचा विचार करत राहिलो. उपमा मला गेला नाही.

महिना भरत आला तसा दुसरा संदेश आला. 'आपल्या निवासी जोडणीवर व्यावसायिक वापर होत असल्याचा संशय आहे. गुरुवारी प्रत्यक्ष तपासणी करण्यात येईल.'

म्हणजे महिन्याभरापूर्वी ज्या घरात कुणीच राहत नव्हतं, तिथं आता कारखाना निघाला होता. आणि तसं ठरलं तर छत तर जाणारच होतं, वर विजेचा दरही दुकानाचा लागणार होता.

दादूनं तपासणीची सूत्रं हातात घेतली. मशीन आणि इस्त्र्या परत गेल्या. घरघंटी मात्र जाईना, कारण हातगाडीवाला वरव्याला लग्नाला गेला होता आणि ते धूड उचलणं आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. दादूनं तिच्यावर पलंगपोस टाकला, वर अद्वयचा पदवीदान समारंभाचा फोटो ठेवला आणि म्हणाला, "झाला टीपॉय." अंजनावहिनींनी मोरीत पाच टूथब्रश उभे केले. दारात पाच जोड चपला मांडल्या. अद्वयच्या म्हणून दादूचे जुने खाकी बूट होते. शुभ्राचा म्हणून एखादा फ्रॉक दोरीवर हवा होता. तो गल्लीत मागायला गेल्या तर मिळालं ते एका तान्ह्या बाळाचं झबलं. वहिनींनी तेच वाळत घातलं.

राहता राहिली कुंदा. दादूचं म्हणणं, मुलगा-सून कामावर, नात शाळेत, हे चालेल, पण घरची बाई भरदुपारी घरात नाही हे पटायचं नाही. तेव्हा तिला फोनवर तरी हजर करा. मी कुंदाला फोन लावून योजनेचं आणि पाच माणसांचं थोडक्यात सांगितलं.

"फक्त एवढंच म्हणायचं, मी बाजारात आहे, भाजी घेतेय," मी सांगितलं.

"मी का खोटं बोलू? आणि घरात पाच माणसं आहेत हे तुम्हाला कशाला सांगायचंय?"

"कायद्याची बाब आहे. तुला नाही कळायची. शुभ्रासाठी करतोय, स्लॅबसाठी."

"करा काय करायचं ते," ती म्हणाली. आवाजात अजून त्या दिवशीचा गारठा होता. "तेवढं एक वाक्य म्हणेन. जास्त काही विचारलं तर फोन ठेवेन."

गुरुवारी प्रेरणा स्कूटीवरून आली. तिनं चपला पाहिल्या. मोरीत डोकावली. "पाचही ब्रश कोरडे आहेत काका."

"आमच्याकडे पहाटेच उरकतात सगळे," मी म्हणालो.

ती मागच्या दारी गेली. झबल्याकडे बघत तिनं विचारलं, "नात केवढी आहे?"

"दुसरीत आहे."

झबलं वाऱ्यावर हलत होतं. दादू पुढे झाला. "धुतल्यावर आटलंय त्ये. कापडंच तसली येत्यात आता."

सोप्यात येऊन प्रेरणा म्हणाली, "उकडतंय हो इथं, पंखा लावते," आणि तिनं बोर्डावरचं चुकीचं बटण दाबलं. अंजनावहिनींनी सकाळी सवयीनं घरघंटीत गहू भरून ठेवले होते. आमचा टीपॉय पलंगपोसाखाली गुरगुरायला लागला. मग थरथरला. अद्वयचा पदवीदान समारंभ वरच्या वर नाचू लागला आणि कडेवरून घसरला. तो दादूनं झेलला. पलंगपोसाच्या झालरीखालून पीठ यायला लागलं.

"टीपॉय आहे," मी म्हणालो. आता आठवलं की मला स्वतःची कीव येते, पण मी खरोखरच तसं म्हणालो.

"भावजी, फोन लावा," वहिनी घाईघाईनं म्हणाल्या. मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि स्टुलावर ठेवला. प्रेरणानं बटण बंद केलं आणि वाकून विचारलं, "काकू, कुठं आहात तुम्ही?"

"बाजारात आहे," कुंदाचा आवाज आला. "भाजी घेतेय."

तिच्या पाठोपाठ दुसऱ्या एका बाईचा आवाज आला, गोड आणि स्पष्ट. "सेव्हन्थ फ्लोअर. डोअर्स ओपनिंग."

"नवी इमारत झालीय बाजारात," दादू म्हणाला, पण त्यात त्याचा जोर नव्हता.

प्रेरणानं ओठ दाबून धरले. हसू आवरेपर्यंत ती टॅबकडे बघत राहिली. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि माझ्या सुनेच्या वयाच्या मुलीनं बोलावं तसं हळू बोलली. "काका, मला टॅबमध्ये काहीतरी भरायलाच लागेल. मी रागवणार नाही. खरंच किती माणसं राहतात इथं?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माणसं शपथ घेऊन उभी राहिली की आपल्या पायांकडे बघतात, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. का बघतात ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या पायांशी पीठ सांडलं होतं. पाच म्हणावं असं पुन्हा एकदा तोंडात आलं. पाच म्हणालो की कुंदा आत आहे, अद्वय कामावरून यायचाय, शुभ्रा शाळेत आहे. दुसरं काही म्हणालो की त्या सगळ्या खोल्यांतून ती माणसं निघून जाणार, असं मला वाटत होतं. जशी काही ती माझ्या बोलण्यामुळेच थांबली होती.

"एक," मी म्हणालो.

"एक म्हणजे?"

"मीच. एकटाच राहतो मी इथं. बरेच दिवस झाले."

अंजनावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. दादू फोटोची काच शर्टाला पुसायला लागला. प्रेरणानं टॅबवर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो काका, मग पहिलंच रीडिंग बरोबर होतं की! एका माणसाला तेवढीच लागते. पहिल्या दिवशी एक म्हणाला असतात तर आत्तापर्यंत छत पांढरं झालं असतं तुमचं. ही घरघंटी तेवढी परत पाठवा, करते मी मंजूर. मेच्या पहिल्या आठवड्यात माणसं येतील." उठताना ती म्हणाली, "एकटं राहणाऱ्या ज्येष्ठांना तर योजनेत पहिला नंबर आहे. तुम्ही विचारलंच नाही."

म्हणजे वीज जाळली नसती, दळण दळलं नसतं, काहीच केलं नसतं तर सगळं रीतसर झालं असतं. हा विचार मी पुरता करतो न करतो तोच स्टुलावरून आवाज आला. "ऐकलं मी."

फोन बंद करायचा राहूनच गेला होता.

अंजनावहिनींनी दादूला कोपरानं ढोसलं आणि दोघं प्रेरणाला घेऊन बाहेर गेले. मी फोन उचलला. स्पीकर कसा बंद करायचा ते मला त्या वेळी आठवेना, म्हणून तसाच हातात धरला.

"तुम्ही तर रोज सांगत होतात, वर्दळ असते म्हणून," कुंदा म्हणाली.

"असते की. या महिन्यात होती. मीटरसाठी."

"आणि मला वाटलं, मी नसले तरी तुमचं काही अडत नाही. त्या दिवशी घरघंटीचा आवाज ऐकला आणि... इथं दिवसभर खिडक्या बंद असतात हो. एसी असतो. कुणाचा आवाज म्हणून येत नाही. शुभ्रा शाळेत गेली की मी त्या लिफ्टचा आवाज ऐकत बसते."

चाळीसेक वर्षांच्या संसारात आम्ही असं काही एकमेकांना सांगत आलो नव्हतो.

"स्वारगेटहून भोरची गाडी किती वाजता असते हो?" तिनं विचारलं.

या बाईला भोरच्या सगळ्या गाड्या पाठ आहेत. नसरापूरला कुठली थांबते, कुठलीत खिडकी मिळते, कुठल्या गाडीचं मागचं दार लागत नाही, सगळं. दादू नोकरीत होता तेव्हा तोसुद्धा तिला विचारायचा. पण मी तिला गाड्या सांगितल्या. दुपारच्या, संध्याकाळच्या, शेवटची, एकही न गाळता. तिनं सगळ्या ऐकून घेतल्या.

"शुभ्राची परीक्षा काल संपली," ती म्हणाली. "तिलाही घेऊन येते."

"स्लॅब अजून तापलेलाच आहे," मी म्हणालो. "अजून आठवडा-दोन आठवडे लागतील. घामोळ्या येतील तिला."

"येऊ देत. पावडर मिळते की भोरात." मग तिनं विचारलं, "जेवलात का?"

जेवलो, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग संध्याकाळी तिघं मिळून जेवू," कुंदा म्हणाली. "तोवर काहीतरी खाऊन घ्या. आणि देव्हाऱ्यावरचं पीठ पुसा आधी, तेवढं अंजनानं सांगितलंय मला."